गर्भिणीचा विषाद आणि गृहस्थाचे सारथ्य

श्रीमद्भगवद्गीतेच्या पहिल्या अध्यायात भगवंतांनी जवळजवळ मौनच धारण केले आहे. बोलतो तो अर्जुन. त्याची गात्रे शिथिल झाली आहेत, तोंडाला कोरड पडली आहे, अंगाला कंप सुटला आहे, त्वचेचा दाह होत आहे, पायांत उभे राहण्याचे त्राण उरलेले नाही आणि मन भोवंडून गेले आहे. आजचे वैद्य ज्या अवस्थेला मानसिक ताण म्हणतात, तिची बहुतेक सर्व लक्षणे या एका वीराच्या ठिकाणी एकवटलेली दिसतात. आणि तरीही परंपरेने या अध्यायाला नाव दिले ते ‘अर्जुनविषादयोग’. विषादालाही योगाच्या पंक्तीला बसवले, यात मोठे मर्म आहे. दुःखाने खचलेल्या जीवाशेजारी योग्य सारथी बसलेला असेल, तर तो विषादच ज्ञानाचे द्वार होतो. तसा सारथी नसेल, तर खचलेला जीव मिळेल त्या आधाराला मिठी मारतो.

ज्याने शेकडो लढाया पाहिल्या त्या धनंजयाची ही दशा, तर पहिलटकरीण मुलीची दशा काय वर्णावी? बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म, असे आपल्याकडील वडीलधाऱ्या स्त्रिया पिढ्यानपिढ्या सांगत आल्या. नऊ महिने देह स्वतःचा राहत नाही, झोप मोडते, अन्न नकोसे होते, मनात भयाची सावली असते, आणि हे सगळे घेऊन घरातील कामाचा रगाडा उपसावा लागतो. या रणांगणावर तिचा सारथी कोण, हा प्रत्येक गृहस्थाने स्वतःला विचारण्याजोगा प्रश्न आहे.

हा प्रश्न स्पष्ट व्हावा म्हणून एक दृष्टांत कल्पावा. नोकरीनिमित्त कोलकात्यास येऊन राहिलेले एक मराठी कुटुंब आहे. घरात पती, त्याची वृद्ध माता आणि सहा महिन्यांची गरोदर सून. आपल्या रीतीप्रमाणे पहिले बाळंतपण माहेरी व्हावयाचे. परंतु डॉक्टरांनी लांबचा प्रवास वर्ज्य सांगितला आणि माहेर दीड हजार मैलांवर राहिले. पती सकाळी जातो तो रात्री परततो. सासूबाई जप, पूजा आणि स्वयंपाक यांत मग्न. सुनेला भाषा नीट कळत नाही. रात्र झाली की तिच्या छातीत धडधड सुरू होते आणि पहाटेपर्यंत डोळ्याला डोळा लागत नाही. याप्रमाणे दिवस चालले असता दुर्गापूजा येते. विजयादशमीला बंगाली घरांतून देवीच्या विसर्जनानंतर ‘सिद्धी’ म्हणजे भांगेचे सरबत देण्याची जुनी चाल आहे. शेजारची मावशी प्रेमाने पेला पुढे करते. प्रसादाला नाही कसे म्हणावे? सून दोन घोट घेते आणि कित्येक आठवड्यांनी त्या रात्री गाढ झोपते. दुसऱ्या दिवशी तिच्या मनात येते, ही झोप रोज मिळाली तर किती बरे! मग भांगेची लहानशी गोळी उशाशी येते, आणि महिन्याभरात ती गोळी हेच तिचे माहेर होऊन बसते.

या मुलीने केले ते पाप, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु गीतेचा अभ्यासक इतक्या घाईने निवाडा करीत नाही. अठराव्या अध्यायात भगवंतांनी सुखाचे तीन प्रकार सांगितले. सात्त्विक सुख आरंभी विषासारखे वाटते व परिणामी अमृतासारखे होते. राजस सुख आरंभी अमृतासारखे व शेवटी विषासारखे. आणि तामस सुख ते, जे निद्रा, आळस व प्रमाद यांतून उपजते आणि आरंभी व अंतीही जीवाला भुलवीत राहते. भांगेच्या गोळीतून आलेली झोप या तिसऱ्या प्रकारात मोडते, हे उघड आहे. मात्र तामस म्हटले आहे ते त्या सुखाला. त्या मुलीला नव्हे. आणि प्रमाद म्हणजे अनवधान. ज्या घरात एक गरोदर स्त्री महिनाभर जागते आणि कोणाच्याही ध्यानात येत नाही, त्या घराचा प्रमाद गोळीच्या आधीचा आहे, हे विसरता कामा नये.

येथे काही सज्जन शंका घेतील की, भांग ही तर शिवाची प्रिय वस्तू. संस्कृतात तिला ‘विजया’ असे मंगल नाव आहे. काशीपासून कोलकात्यापर्यंत शिवरात्रीला व होळीला ती श्रद्धेने घेतली जाते. मग तिच्यात दोष कसला? या शंकेचे उत्तर शिवचरित्रातच आहे. समुद्रमंथनातून हालाहल निघाले, तेव्हा महादेवाने ते स्वतः प्राशन केले आणि कंठातच रोखून धरले. आपल्या उदरातील विश्वाला त्याचा स्पर्श होऊ नये, हा त्यातील भाव आहे. गर्भिणीच्या ठिकाणी हे सामर्थ्य नाही. तिने घेतलेला घोट कंठात थांबत नाही; तो तिच्या रक्तात उतरतो आणि रक्तातून गर्भापर्यंत जातो. ज्याला नीलकंठाचे अनुकरण करावयाचे असेल, त्याने विष खाली उतरू न देण्याच्या त्याच्या करुणेचे अनुकरण करावे.

या वनस्पतीचा विचार करताना कोलकाता नगरीचे नाव वारंवार पुढे येते, हे अनेकांना ठाऊक नसते. १८३५ मध्ये स्थापन झालेल्या कलकत्ता मेडिकल कॉलेजातील रसायनाचे अध्यापक विल्यम ओशॉनेसी यांनी १८३९ मध्ये भांग-गांजाच्या औषधी गुणांविषयीचा आपला निबंध तेथील वैद्यक मंडळीपुढे मांडला. संधिवात, धनुर्वात अशा विकारांवर, आणि झटके येणाऱ्या एका तान्ह्या बालकावरही, त्यांनी त्याचा अर्क योजून पाहिला होता. त्यांच्याद्वारे हे औषध युरोपात गेले, आणि १८५१ मध्ये एडिंबरो येथे अलेक्झांडर क्रिस्टिसन यांनी प्रसूतीच्या कळा वाढाव्यात म्हणून त्याचा प्रयोग केला. परंतु या अर्काची शक्ती एका कुपीत एक, तर दुसऱ्या कुपीत दुसरी अशी निघे. त्यामुळे मात्रा ठरवणे कठीण पडे. पुढे अधिक भरवशाची औषधे आली आणि प्रसूतिगृहातून हा अर्क बाहेर पडला.

त्यानंतर १८९३ मध्ये ब्रिटिश सरकारने भांग, गांजा व चरस यांच्या चौकशीसाठी एक आयोग नेमला. त्याची पहिली बैठक ३ ऑगस्ट १८९३ रोजी कोलकात्यासच भरली. प्रांतोप्रांती फिरून आयोगाने १,१९३ साक्षी नोंदवल्या आणि सात खंडांत त्याचे काम प्रसिद्ध झाले. मर्यादित सेवनाने सहसा मोठी हानी दिसत नाही, अतिसेवन मात्र घातक आहे, असा त्याचा एकंदर निष्कर्ष होता. आजही भांगेची बाजू घेणारे या निष्कर्षाचा आधार देतात. आयोगाच्या प्रश्नावलीत, सेवन करणाऱ्याच्या संततीवर काही परिणाम होतो काय, असाही एक प्रश्न होता, ही गोष्ट त्या सभासदांच्या दूरदृष्टीला भूषणावह आहे. परंतु विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मोजण्याचे साधन त्या काळी कोणापाशीच नव्हते. या वनस्पतीतील मादक द्रव्य, टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल, शुद्ध स्वरूपात वेगळे काढले गेले ते १९६४ मध्ये, इस्रायलमधील गाओनी व मेशूलम या संशोधकांच्या हातून. त्यापूर्वीच्या साक्षी डोळ्यांना दिसणाऱ्या माणसाविषयी होत्या. उदरातील, कोणालाही न दिसणाऱ्या जीवाची साक्ष नोंदवायची राहूनच गेली.

आज ती साक्ष थोडीफार उपलब्ध आहे. हे द्रव्य स्नेहात, म्हणजे चरबीत, विरघळणारे आहे. ते वार ओलांडून गर्भात जाते आणि मातेच्या देहातील मेदात साठून राहते. अंगावरच्या दुधातही ते उतरते; २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका अभ्यासात शेवटच्या सेवनानंतर सहा दिवसांपर्यंत ते मातेच्या दुधात आढळले. अनेक देशांतील अभ्यासांत, गरोदरपणी सेवन करणाऱ्या स्त्रियांची मुले कमी वजनाची किंवा दिवस भरण्यापूर्वी जन्मण्याचे प्रमाण अधिक दिसले आहे. कॅनडातील ओटावा येथे १९७८ मध्ये सुरू झालेल्या अभ्यासात अशा मुलांचा वर्षानुवर्षे मागोवा घेतला गेला; त्यांच्या एकंदर बुद्ध्यंकात ठळक फरक दिसला नाही, परंतु लक्ष एकाग्र ठेवणे व पुढचा विचार करून कार्य योजणे यांत उणेपणा आढळला. सत्यास धरून हेही सांगितले पाहिजे की, जमैकातील १९९४ च्या एका लहानशा अभ्यासात महिनाभराच्या अर्भकांत अशी हानी दिसली नाही. परंतु ज्या वस्तूविषयी इतके संशय आहेत आणि जिची सुरक्षित मात्रा कोणालाही सांगता आलेली नाही, ती पोटातील लेकराला पाजावी काय, याचे उत्तर देण्यास शास्त्रज्ञ लागत नाही. अमेरिकेतील प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने गरोदरपणी व स्तनपानाच्या काळी हे सेवन टाळावे, असाच स्पष्ट सल्ला दिला आहे. ओकाऱ्या थांबाव्यात म्हणून गांजाचा आश्रय घेणाऱ्यांनी तर हेही ध्यानात घ्यावे की, दीर्घकाळच्या अतिसेवनातून न थांबणाऱ्या ओकाऱ्यांचा एक विकारच उद्भवतो, हे २००४ पासून वैद्यकाला ज्ञात आहे.

आपल्या पूर्वाचार्यांची दृष्टी याबाबतीत किती सूक्ष्म होती, हे पाहून मन थक्क होते. शार्ङ्गधरसंहितेत ‘व्यवायी’ द्रव्याचे लक्षण सांगितले आहे : जे आधी सर्व देहात पसरते आणि मग पचते. त्याचे उदाहरण म्हणून भांग व अफू यांचाच उल्लेख आहे. अन्न आधी पचते व मग पसरते. ही वस्तू पचण्यापूर्वीच सर्वत्र पोहोचते. गर्भ हा मातेच्या देहातच असल्याने ‘सर्वत्र’ या शब्दातून तो कसा वगळावा? चरकसंहितेच्या शारीरस्थानातील आठव्या अध्यायात गर्भाला बाधक अशा गोष्टींची गणना आहे. नित्य मद्य घेणाऱ्या मातेचे मूल अल्पस्मृतीचे व अस्थिर चित्ताचे होते, असे तेथे म्हटले आहे; आणि त्याच गणनेत, नित्य शोकात असलेल्या मातेचे मूल भित्रे व कृश होते, असेही म्हटले आहे. चरकाचार्यांनी मद आणि शोक एकाच यादीत ठेवले. आज आपण मादक वस्तूची निंदा करतो आणि शोकाकडे काणाडोळा करतो. म्हणजे यादीचा अर्धाच भाग वाचतो.

शोकाचा मार्गही आता थोडा उलगडला आहे. मन सतत भयाखाली असले, की रक्तात कॉर्टिसॉल नावाचे द्रव्य वाढते. विधात्याची योजना अशी की, वारेमध्ये असलेले एक विकर या द्रव्याचा मोठा भाग निष्प्रभ करून मगच गर्भाकडे जाऊ देते. जणू दारावर उभा असलेला रक्षकच. परंतु तीव्र ताण दीर्घकाळ राहिला, तर या रक्षकाचीही शक्ती उणावते, असे संशोधनात दिसून आले आहे. रोजच्या लहानसहान चिंतेने बाळाला अपाय होतो, असा याचा अर्थ कोणीही घेऊ नये. मातेच्या चिंतेत ही आणखी एक भर घालणे म्हणजे क्रूरपणाच होईल. अर्थ इतकाच की, मातेचे मन सांभाळणे ही हौसेची बाब नसून गर्भसंगोपनाचा भाग आहे.

बाळंतपणानंतरही हे संकट टळत नाही. गोव्यातील मातांच्या एका अभ्यासात, जो २००२ मध्ये प्रसिद्ध झाला, प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के माता विषादग्रस्त आढळल्या. दारिद्र्य, पतीशी विसंवाद आणि मुलगा हवा असता मुलगी झाली म्हणून होणारा जाच, ही कारणे त्यात ठळक होती. २०१७ मध्ये भारतातील अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हाही हे प्रमाण सुमारे २२ टक्के, म्हणजे दर पाच बाळंतिणींत एक, असे निघाले. या कारणांकडे पुन्हा एकवार पाहावे. त्यांतले एकही बाळंतिणीच्या स्वभावात नाही. सगळी घरात आहेत.

चरकाचार्यांचे आणखी एक वचन येथे स्मरणीय आहे. काठोकाठ भरलेले तेलाचे भांडे जसे हिंदकळू न देता न्यावे, तशी गर्भिणीची शुश्रूषा करावी, असा त्याचा आशय आहे. हे वाचताना पुष्कळांचे लक्ष भांड्याकडे जाते. गर्भिणीने जपून चालावे, जपून बसावे, असा बोध ते घेतात. परंतु वाक्याची रचना पाहिली तर आज्ञा भांड्याला नाही, ते वाहून नेणाऱ्याला आहे. तेल सांडले, तर दोष वाहणाऱ्याच्या हातांचा.

आता गीतेकडे पुन्हा वळावे. दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी भगवंतांनी अर्जुनाला कानउघाडणीचे दोन शब्द ऐकवले, हे खरे. हे दुबळेपण तुला शोभत नाही, असा त्यांचा भाव होता. परंतु त्याने अर्जुन उठला काय? नाही. त्याने आपली व्यथा पुन्हा सांगितली, इंद्रियांना सुकवून टाकणारा हा शोक कशानेही जाईल असे दिसत नाही, असे म्हणून तो निःशब्द बसला. साक्षात भगवंतांच्या मुखातील धिक्काराने जो विषाद गेला नाही, तो सासूच्या टोमण्याने किंवा पतीच्या दटावणीने जाईल, अशी आशा कोणी धरावी? यानंतर भगवंतांनी काय केले, ते गृहस्थांनी मनावर कोरून ठेवावे. ते रथ सोडून गेले नाहीत. त्यांनी त्याला भुलवणारी वस्तू दिली नाही. हसतमुखाने ते त्याच्याशी बोलू लागले, त्याचे प्रश्न पुनःपुन्हा ऐकून घेतले, अठराव्या अध्यायाच्या अखेरीपर्यंत त्याच्या सोबत राहिले, आणि तेथेही, तुझा मोह गेला काय, असे त्यालाच विचारले. त्रैलोक्याचा स्वामी लगाम हाती धरून खालच्या आसनावर बसतो, यालाच सारथ्य म्हणतात.

विषादाचा योग कसा होतो, याचे एक मराठी उदाहरण कोलकात्याशी जोडलेले आहे. कल्याणच्या आनंदीबाई जोशी यांना १८७८ मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षाच्या सुमारास, पुत्र झाला आणि तो अवघ्या दहा दिवसांत गेला. स्त्रियांना स्त्री-वैद्य नाही, ही उणीव त्या दुःखाने त्यांना दाखवून दिली. पती गोपाळराव टपाल खात्यात असल्याने पुढे त्यांचे वास्तव्य बंगालमध्ये झाले. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूरच्या महाविद्यालयात त्यांनी आपण अमेरिकेस का जात आहोत, हे भर सभेत सांगितले आणि एप्रिलमध्ये कोलकात्याच्या बंदरातून जहाजावर पाऊल ठेवले. १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यक महाविद्यालयातून त्या पदवीधर झाल्या. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता हिंदू आर्यांमधील प्रसूतिशास्त्र. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे अल्पवयात निधन झाले, परंतु एका मातेच्या शोकाने सहस्रावधी मातांसाठी वाट उघडली. त्यांच्या पतीचा स्वभाव कठोर होता, हे त्यांच्या चरित्रकारांनी लपवलेले नाही. तरी तिच्या वाटेत आड न येता वाट काढून देणे, इतके सारथ्य त्या गृहस्थाने निःसंशय केले.

आणि ज्यांना वाटते की, गीता वाचणाऱ्याने मनाच्या वैद्याकडे जाणे म्हणजे श्रद्धेची उणीव, त्यांनी याच नगरीतील डॉ. गिरींद्रशेखर बसू यांचे स्मरण करावे. १९२२ मध्ये त्यांनी कोलकात्यास भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली. १९३३ मध्ये तेथील कारमायकेल मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात त्यांनी मनोरुग्णांसाठी बाह्यरुग्ण विभाग सुरू केला, म्हणजे मनाने पीडित मनुष्याला वेड्यांच्या इस्पितळाची पायरी न चढता, ताप-खोकल्याच्या रुग्णांसारखे येऊन औषध घेता येऊ लागले. याच गृहस्थांनी बंगालीत गीतेचे विवेचनही लिहिले. मनाचा वैद्य आणि गीतेचा भाष्यकार एकाच देहात सुखाने नांदू शकतात, हे त्यांनी आचरणाने दाखवले.

मग गृहस्थाने प्रत्यक्ष करावे काय? सहाव्या अध्यायात आहार, विहार, कर्म, निद्रा व जागृती या सर्वांत युक्त असणाऱ्याचाच योग दुःख दूर करतो, असे भगवंत सांगतात. गर्भिणीला ही युक्तता एकटीला साधत नाही, ती घराने साधून द्यावी लागते. दुपारी घटकाभर तिला कोणी हाक मारू नये. रात्री झोप आली नाही तर तिच्याजवळ कोणी जागे असावे. महाराष्ट्रात डोहाळजेवण करतात, बंगालमध्ये ‘साध’ करतात. दोन्हींचा हेतू तिचे मनोगत विचारून पुरवणे हा आहे. तो एक दिवसाचा सोहळा न राहता रोजचा शिरस्ता व्हावा : आज तुला काय हवे, काय खुपते, हे कोणीतरी रोज विचारावे. मुलगा की मुलगी, हा विषयच घरात काढू नये. पुरुषांनी घरात गांजा, विडी, सिगारेट ओढू नये. गर्भिणीच्या श्वासात तो धूर गेला म्हणजे तिने न घेताही बाळाला ते सोसावे लागते. सणावाराला प्रसादाचा पेला पुढे आला, तर घरातील वडीलधाऱ्याने स्वतःच हसून सांगावे, हिला नको, ही दोघांची आहे. म्हणजे नाही म्हणण्याचा संकोच तिच्यावर पडणार नाही.

तिने आधीच काही घेतले असेल, तर पंचायत बसवू नये. तिला धीर देऊन प्रसूतितज्ज्ञांकडे न्यावे आणि काय घेतले, किती घेतले, हे मोकळेपणी सांगण्यास साहाय्य करावे. सोडल्यावर काही रात्री झोप येत नाही, चिडचिड होते. त्या रात्रीच खऱ्या सोबतीच्या. डॉक्टरांनी मनाच्या आजारासाठी दिलेली औषधे मात्र कोणाच्या सांगण्यावरून परस्पर बंद करू नयेत. बाळंतपणानंतर दोन आठवडे उलटूनही रडू आवरत नसेल, बाळाविषयी ओढ वाटत नसेल, तर मनाच्या वैद्याला दाखवावे. आणि भास होऊ लागले किंवा स्वतःस वा बाळास इजा करण्याचे विचार आले, तर क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे व तिला एकटे सोडू नये. भारत सरकारने २०२२ मध्ये सुरू केलेल्या ‘टेली-मानस’ सेवेचा क्रमांक १४४१६ हा आहे. तेथे अहोरात्र विनामूल्य बोलता येते.

आता त्या कोलकात्याच्या बिऱ्हाडात पुन्हा डोकवावे. एके रात्री सासूबाईंना जाग येते. सून अंधारात उशाखाली काहीतरी चाचपडत आहे. सासूबाईंना सर्व उमगते. ओठांवर कठोर शब्द येतो; परंतु नित्य वाचनातला तो रथ त्यांना आठवतो आणि त्या सुनेच्या अंथरुणावर जाऊन बसतात.

“सूनबाई, किती दिवस झोप नाही तुला?”

“आई, दोन महिने झाले.”

“आणि मला सांगितले नाहीस?”

“तुम्ही जपाला बसलेल्या असता. कधी सांगू?”

त्या उत्तराने वृद्धेच्या डोळ्यांत पाणी येते. आपण ज्या नामाचा जप करीत होतो, तो सारथी या खोलीत कधीचा वाट पाहत होता, हे तिला कळते. त्या रात्री ती सुनेचे पाय चेपत पहाटेपर्यंत बोलत बसते. सकाळी मुलाला सांगते, आज कामावर उशिरा जा, हिला घेऊन डॉक्टरांकडे जायचे आहे. गोळीची डबी सून स्वतःच्या हाताने तिच्या ओंजळीत ठेवते. पुढे कित्येक रात्री जागरणाच्याच जातात. परंतु त्या दोघींच्या असतात.

चौदाव्या अध्यायात भगवंत सांगतात की, सर्व योनींतून जे जे देह जन्म घेतात, त्यांची माता ही महत्प्रकृती आणि बीज देणारा पिता आपण आहोत. म्हणजे गर्भिणीच्या उदरात येणारा पाहुणा भगवंतांच्या घरचा आहे. त्याच्या स्वागतासाठी आपण पाळणा आणतो, अंगडे-टोपडे शिवतो, नावे शोधतो. तो ज्या घरात नऊ महिने राहतो, त्या घराची, म्हणजे मातेच्या मनाची, झाडलोट करण्याची आठवण मात्र राहत नाही. जो गृहस्थ ती आठवण ठेवील, तिच्या शेजारी लगाम हाती घेऊन बसेल, तिचा विषाद तुच्छ न मानता ऐकून घेईल, त्याच्या घरी गीतेचा पाठ खऱ्या अर्थाने सुरू झाला असे समजावे.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥